दोन डबे, एक काळोख

डॉ. फिदेलिस कोबेलो मोरोगोरोच्या विद्यापीठात एकच गोष्ट अभिमानाने सांगत : "माझ्या हातून नमुना कधी इकडचा तिकडे होत नाही."

नमुने म्हणजे मातीची ढेकळं. रुवू नदीकाठची डबकी उन्हाळ्यात आटतात, तिथले इवले मासे मरतात, पण त्यांची अंडी सुक्या चिखलात जिवंत राहतात. आतल्या पिल्लाचा डोळा अर्धवट घडतो आणि थांबतो. पाणी मिळालं की पुढे घडू लागतो. त्या डोळ्याच्या पडद्याला पुन्हा जाग कशी येते, यावर फिदेलिसने पाच वर्षं घालवली होती. शुक्रवारी तपासणी समिती येणार होती. ढेकळं भिजवून पिल्लं दाखवली तर काम पुढे चालणार, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप.

त्यातच प्रयोगशाळेतली वीज सारखी जाऊ लागली आणि तिथे गारवा टिकेना. फिदेलिसने ढेकळं दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात भरली आणि घरी मक्याच्या पिठाच्या पोत्यामागे गार काळोखात लपवली. लपवली, कारण बायको स्कोला हिने डबक्याची घाण घरात आणायची नाही असं बजावलं होतं. चिठ्ठी लावली तर उघडं पडणार, म्हणून चिठ्ठीही लावली नाही.

शुक्रवारी त्याने डबा न उघडताच नेला. अंड्यांना उजेड लागायला नको होता.

समितीच्या प्रमुख लुओगाबाई केस पिकलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. फिदेलिसने ढेकळं काचेच्या तबकात ठेवली, पाणी ओतलं. अर्धा तास गेला. तास गेला. ढेकळं विरघळली आणि तबकात नुसता गुळगुळीत लगदा उरला. फिदेलिसच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली.

"कधीकधी वेळ लागतो," तो म्हणाला.

लुओगाबाईंनी लगद्यात बोट बुडवलं, हुंगलं आणि सरळ जिभेला लावलं.

"डॉक्टर, ही माती डबक्यातली नव्हे. ही बाजारातली, भाजलेली, पोटुशा बायका खातात ती. तीन बाळंतपणं मी हिच्यावर काढलीत. घरी कोणी पोटुशी आहे का?"

स्कोलाला माती खायचे डोहाळे लागले होते. 'पोटात जंत होतील' म्हणून त्याने तिला तासभर व्याख्यान दिलं होतं आणि तिने शपथ घेतली होती. म्हणजे शपथ मोडून तिने लपवलेला तसलाच डबाही त्याच पोत्यामागे होता!

त्याने फोन लावला. "स्कोला, पोत्यामागची माती खाल्लीस? त्यात अंडी होती, किती उरली?"

"कसली माती? मी माती खात नाही. तूच बंदी घातलीस ना?"

"खरं सांग गं, पाया पडतो."

"नाही म्हटलं ना."

लुओगाबाईंनी फोन काढून घेतला. "पोरी, कितवा महिना?"

"सातवा, बाई."

"कालची कशी लागली?"

"शेणासारखी. तोंडात घालताच थुंकली. चुळा भरून भरून तोंड दुखलं. बाकी डब्यात तशीच आहे."

फिदेलिस भाड्याच्या मोटारसायकलवरून घरी सुटला. आधी स्कोलाला दवाखान्यात दाखवलं, नर्सने हसत हसत घरी पाठवलं. स्कोला हट्टाने त्याच्याबरोबर प्रयोगशाळेत आली; समिती अजून थांबून होती. आता खरी ढेकळं भिजली. तासाभराने पाण्यात केसाएवढं काहीतरी वळवळलं, मग आणखी एक. भिंगाखाली प्रत्येकाला दोन सोनेरी ठिपके दिसत होते. डोळे. फिदेलिसचे पाणावले. काम पुढे चालू ठेवायला लुओगाबाईंनी तिथेच सही केली.

स्कोला मात्र दुसऱ्या तबकातल्या लगद्याकडे बघत होती.

"फोनवर आधी अंड्यांचं विचारलंस. मी कशी आहे ते विचारलंच नाहीस," ती म्हणाली. "आणि माझी चांगली माती भिजवून टाकलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. कोबेलो बाजारात माती विकणाऱ्या बाईपुढे उभे होते. मागेपुढे सगळ्या पोट सांभाळत उभ्या असलेल्या बायका. त्यांनी मान खाली घालून अर्धा किलो मागितली.

बाईने त्यांच्या सुटलेल्या पोटाकडे नीट पाहिलं आणि तराजू उचलला.

"कितवा महिना, डॉक्टर?"