इसामू घरी येईपर्यंत

नारळी पौर्णिमेला चार दिवस उरले असताना हरेश्वर नाखव्याची बोट यंदा निघणार नाही, अशी बातमी कोळीवाड्यात पसरली. जो तो आधी इंजिनाची चौकशी करायला आला. इंजिन ठणठणीत होतं. जाळी शिवून तयार होती, बर्फ सांगून ठेवला होता, आणि पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने घरी बसून कंटाळलेले आठही खलाशी हजर होते. अडचण होती ती एका जपानी पोराची. तो होडी घेऊन समुद्रात गेला होता आणि परत आला नव्हता. त्यातून तो खरा नव्हता, चित्रातला होता.

हे सगळं घडलं कल्पिताच्या परीक्षणामुळे. कल्पिता ही हरेश्वरची एकुलती एक मुलगी. ती मांडव्याच्या जेटीवर तिकिटं फाडायची आणि उरलेल्या वेळात एका मराठी वेबसाइटसाठी जपानी अ‍ॅनिमेवर लिहायची. ‘अकराव्या वाऱ्याचं बेट’ नावाची एक नवी साहसमालिका येणार होती. तिचा पहिला खंड, म्हणजे सहा भाग, मालिका दाखवणाऱ्या कंपनीने परीक्षणासाठी आधीच पाठवले होते. ठाण्याहून संपादक मृणाली मॅडमचा फोन आला होता, “या वेळी जरा वेगळं कर. ज्याने जन्मात अ‍ॅनिमे पाहिलं नाही, अशा माणसाला शेजारी बसव आणि त्याला काय वाटतं ते लिही. मंगळवारी संध्याकाळपर्यंत दे.”

कल्पिताने आपल्या आईला शेजारी बसवलं. तिथेच सगळं बिघडलं.

शनिवारी दुपारी टीव्हीला लॅपटॉप जोडला. नीराबाई समोर सुकट निवडायला बसली. पडद्यावरची माणसं जपानीत बोलत होती, खाली इंग्रजी अक्षरं पळत होती आणि कल्पिता आईला मराठीत सांगत होती. पहिल्या भागात नीराबाईने फक्त “डोळे येवढे मोठे कशाला काढलेत?” एवढंच विचारलं. दुसऱ्या भागात तिला कळलं की इसामू अकरा वर्षांचा आहे, त्याचा बाप समुद्रात गेला तो आलाच नाही, आणि हे पोर बापाला शोधायला एकटंच निघालंय. तिचा हात थांबला. चौथ्या भागापर्यंत सूप बाजूला गेलं आणि मांजराने सुकट खाल्ली तरी तिला पत्ता नव्हता.

सहाव्या भागाच्या शेवटी वादळ आलं. इसामूच्या होडीतला कंदील विझला. मग एकदम पहाट, मोकळा समुद्र, पाण्यावर एक फळी आणि चार पक्षी. संपलं.

“पुढं लाव,” नीराबाई म्हणाली.

“पुढं न्हाय गो आये. दुसरा खंड डिसेंबरला.”

“डिसेंबरला? पोऱ्या पान्यात हाय आनी ते डिसेंबरला सांगनार?”

नीराबाई ताडकन उठली आणि कोनाड्यातल्या एकवीरेच्या तसबिरीपुढे उभी राहिली. ती नऊ वर्षांची होती तेव्हा तिच्या बापाची बोट तीन दिवस बेपत्ता होती. चौथ्या दिवशी ती परत आली, पण ते तीन दिवस नीराबाईच्या छातीतून कधी गेले नाहीत. ती हात जोडून घडाघडा बोलली, “आई एकविरे, त्या पोऱ्याला घरी आन. तो घरी आयल्याबिगर आमची बोट बंदराभायेर जानार न्हाय!”

बोलली आणि तिने स्वतःच जीभ चावली. पण नवस बोलून झाला होता.

हरेश्वर नाखवा जेवायला बसला तेव्हा त्याला हे कळलं. पहिल्यांदा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू पार मावळलं.

“नीरा, अगं तो कागदावरचा पोऱ्या!”

“ठाव हाय मना. मी काय येडी हाय? पोऱ्या कागदावरचा असंल. नवस कागदावरचा न्हाय.”

“मग दुसरा काय तरी बोलायचा! नारळ बोलायचा, साडी बोलायची. बोट कशाला मधी घातलीस?”

“तवा तोंडात तेच आयला,” असं म्हणून नीराबाई रडायलाच लागली. हरेश्वरने ताट सरकवलं आणि हिशेब मांडला. दोन महिने बोट किनाऱ्यावर होती, आता डिसेंबरपर्यंत उभी राहिली तर हंगामच हातचा जाणार होता. रागवावं कोणावर, हेही त्याला कळेना. शेवटी तो लॅपटॉपवर रागावला.

रविवारी बोटीचा तांडेल विनेश आला. बोट समुद्रात नेणारा तोच, आणि खलाशी त्याचं ऐकणारे. नाखव्याला वाटलं, हा तरी समजूत घालेल. विनेशने सगळं ऐकून घेतलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

“नाखवा, राग नको. पन वैनी देवीला सबुद देऊन बसल्यात. आता मी त्या बोटीवं पाय ठेवनार न्हाय. आनी मी न्हाय तर पोरं पन न्हाय.”

“विनेश, चित्र हाय रं ते!”

“चित्र असंल. पन उद्या दर्यात वारा सुटला, तर तो चित्रातला असंल का?”



त्या दुपारी हरेश्वरने मुलीला मागच्या दारी गाठलं. “कल्पे, आयेला सांग, पोऱ्या आयला घरी. मोबाइलवं कलला, असा सांग. खोटं बोललीस तर देवी तुना काय न्हाय करनार, मी बोलतो तिच्याशी.”

कल्पिताने प्रयत्न केला. पण चाळीस वर्षं माशाचे डोळे बघून ताजा-शिळा ओळखणाऱ्या बाईने मुलीचे डोळे एकदाच पाहिले आणि म्हणाली, “जा, तोंड धू.”

खरं काय ते शोधायची कल्पिताने शिकस्त केली. इंटरनेटवर काही नव्हतं. मालिका नवी कोरी, दुसरा खंड जपानातसुद्धा कोणी पाहिला नव्हता. मृणाली मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, “वेडी आहेस का? कंपनी मलाच सांगत नाही. आणि परीक्षणाचं काय झालं?” परीक्षणाची एक ओळही झाली नव्हती. सोमवार उजाडला. बाकीच्या बोटींना रंग लागत होता, पताका चढत होत्या, आणि हरेश्वरची बोट तेवढी कोरडी उभी होती. बायका नीराबाईला विचारायच्या, “आयला का गो तुजा जपानी?” ती मान खाली घालून निघून जायची. तिने दोन दिवस धड खाल्लं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी विनेश पुन्हा आला. त्यालाही झोप नव्हती. “कल्पे, तो शेवट मना दाव,” तो म्हणाला. “पोऱ्या कुठं बुडला ते तरी बगू.”

कल्पिताने शेवटची पाच मिनिटं लावली. विनेश पडद्याला नाक लावून बसला.

“थांबव. मागं घे. ह्यो चंद्र कवाचा?”

“वादळाच्या आधीचा.”

“पुरा गोल हाय. म्हंजे पुनव. उधान असनार. आता फुडं. होडी लाकडाची ना? मग ती उलटंल, पन बुडनार न्हाय. पोऱ्यानं कमरंला दोर बांधलाय, दिसतोय ना? शाना हाय. थांबव! हे पक्षी कुठशी आयले?”

“डावीकडून.”

“येवढ्या सकाली पक्षी जमिनीवरनं भायेर निघतात. म्हंजे जमीन डावीकडं, आनी जवल. आता फेस बग. फेस पन तिकडंच चाललाय. भरती हाय.” विनेश उठून उभाच राहिला. “नाखवा, पोऱ्या जित्ता हाय! होडीला धरून तो डाव्या अंगाच्या बेटाला लागलाय. खडकाच्या मागं, जिथं लाट मोडत न्हाय तिथं.”

नीराबाई स्वयंपाकघरातून धावत आली. “आनी घरी कवा येल?”

विनेशने बोटं मोजली. “उधानाच्या पान्यात फळीनं वल्हवून तो निघनार न्हाय, येवढी अक्कल त्याला हाय. आठ दिस बेटावं बसंल. अष्टमीला भांगाचं पानी लागंल, दर्या नरम पडंल, तवा निघंल आनी घरी येल.”

“येल ना?”

“मी असतो तर आयलो असतो, वैनी.”

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. फक्त विनेशलाच नाही. तो दारात थांबून म्हणाला, “पन ह्यो माजा अंदाज. अंदाजावं नवस फिटत न्हाय.” आणि गेला.

हरेश्वरने कपाळावर हात मारला. कल्पिताजवळ मात्र निदान परीक्षणापुरतं काहीतरी आलं होतं. तिने रात्रभर नाही, पण मंगळवारची अख्खी दुपार बसून लिहिलं. चित्रं, संगीत यावर चार ओळी आणि बाकी सगळा विनेश तांडेल: चंद्र, पक्षी, फेस, खडक, आठ दिवस, सगळं त्याच्या नावासकट. शेवट फोडायचा नाही ही कंपनीची अट तिला ठाऊक होती. पण न पाहिलेला शेवट फुटतो कसा, असा तिचा साधा हिशेब होता. मृणाली मॅडमना लेख फार आवडला. बुधवारी, ऐन पुनवेच्या सकाळी, तो वेबसाइटवर चढला.

दुपारी मिरवणुकीची तयारी चालली होती. सोनेरी कागदाने मढवलेला नारळ देवळात ठेवला होता, बँडवाले येऊन बसले होते. नीराबाई जुन्याच लुगड्यात ओटीवर बसून होती. तेवढ्यात कल्पिताचा फोन वाजला. मृणाली मॅडम होत्या.

“कल्पिता, तू काय करून ठेवलंस? कंपनीवाले पेटलेत! लेख मी काढलाय, पण ते कोर्टाची भाषा करतायत. दुसरा खंड तुला कोणी दिला?”

“कोणी नाही, मॅडम! शप्पथ!”

“त्यांचा माणूस आता थेट तुला फोन करेल. सांभाळून बोल.”

कल्पिताने घाबरून घरच्यांना सगळं सांगितलं. हरेश्वरने मात्र दोन पायऱ्यांवरून उडी मारली. “पेटलेत? म्हंजे विनेश बोलला ते खरं हाय!” विनेशला बोलावणं गेलं. तो नवा शर्ट घालून, अर्धी बटणं लावत आला. पण त्याचा चेहरा खुलला नाही.

“बेटाला लागला, मान्य. पन नवस ‘घरी’ असा हाय. घरी आयला का?”

फोन पुन्हा वाजला. कल्पिताने आवाज मोठा केला आणि फोन ओटीवर ठेवला. चौघं भोवती बसली.

“हॅलो, मी प्रज्योत बोलतोय, कंपनीच्या मुंबई ऑफिसातून. मॅडम, हे फार सीरियस मॅटर आहे. तुमच्या रिव्ह्यूमधले विनेश तांडेल कोण? आमच्या टोकियो ऑफिसात त्यांची कोणाशी ओळख आहे?”

“मी विनेश,” विनेश म्हणाला. “माजी वळख रेवसच्या पलीकडं न्हाय.”

“मग खडकामागची जागा तुम्हाला कोणी सांगितली?”

“पक्ष्यांनी.”

“काका, मस्करी नको. माझी नोकरी जाईल. खरं सांगा, तुम्ही दुसरा खंड कुठे बघितला?”

विनेशने नीराबाईकडे पाहिलं. तिने पदराचा बोळा करून तोंडाशी धरला होता. तो फोनकडे वाकला आणि अगदी सावकाश म्हणाला, “सायेब, मी काय बगितला न्हाय. बगितला असता तर अंदाज कशाला बांधला असता? माजं म्हननं, तो आठ दिस बेटावं बसला आनी मग निघाला. पन वाटंत त्याला परत वारा गाठनार. माज्या हिशेबानं तो घरी पोचत न्हाय. वाटंतच जातो.”

“जातो?” प्रज्योतचा आवाज एकदम चढला. “कोण म्हणतं जातो? आठ दिवसांनी निघतो आणि नवव्या भागात सरळ घरी येतो तो! त्याची आई धक्क्यावर...”

तो मध्येच थांबला. मग फोनमधून बारीकसा आवाज आला, “अरे देवा.”

नीराबाई उठली, घरात गेली, आणि आतून तिच्या रडण्याचा आणि तसबिरीपुढे नारळ फुटल्याचा आवाज एकदमच आला. हरेश्वर बँडवाल्यांकडे धावत सुटला. आठही खलाशी कुठून कुठून बोटीवर चढले, आणि बोटीला पताका चढू लागल्या.

“हॅलो? हॅलो? तिकडे काय चाललंय?” प्रज्योत विचारत होता.

“काही नाही, सर,” कल्पिता डोळे पुसत म्हणाली. “इसामू घरी आला.”

“मॅडम, प्लीज, हे कोणाला बोलू नका! डिसेंबरपर्यंत सीक्रेट आहे!”

त्याच वेळी बाहेर बायका एकमेकींना ओरडून सांगत होत्या, आणि खालच्या आळीतून वरच्या आळीत फटाके सुरू झाले होते. कल्पिताने फोन पोटाशी धरून झाकला आणि कोणाला सांगणार नाही असं वचन दिलं.

गुरुवारी सकाळी ओहोटीला बोट निघाली. प्रज्योतची नोकरी वाचली, कारण आपण काय बोललो हे त्याने वरती सांगितलंच नाही. दुसरा खंड फुटलेला नाही हे पटल्यावर कंपनीने कोर्टाचा नाद सोडला, अट एकच घातली: परीक्षण पुन्हा लिहायचं, त्यात चंद्र, पक्षी, पाणी आणि तांडेल यांतलं काहीही नको. बोट दिसेनाशी झाल्यावर कल्पिता जेटीवर बसली आणि तिने मोबाइलवरच नवं परीक्षण लिहून पाठवून दिलं. मृणाली मॅडमनी एक अक्षर न बदलता ते छापलं:

“पहिला खंड उत्तम आहे. सर्वांनी जरूर पाहावा. मात्र घरची बोट निघायची असेल, तर शेवटची पाच मिनिटं आईला शेजारी पाठवून द्यावं.”