ह्यांची गाडी

बॅटरी बदलायची, एवढंच ठरलं होतं. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण आमच्या घरात माझ्या शपथेला कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

त्याचं असं झालं. सासरे गेल्यापासून सासूबाई त्यांच्या जुन्या घरात एकट्याच राहायच्या. गुडघे कुरकुरत होते, नजर कमी झाली होती. एकदा तर दूध गॅसवर ठेवून त्या शेजारणीकडे गप्पा मारायला गेल्या आणि स्वयंपाकघराची एक भिंत काळी करून बसल्या. बायको रोज फोनवर विनवायची, "आई, आता आमच्याकडे ये." आणि सासूबाई रोज नवं कारण काढायच्या. कधी नळाचा प्लंबर यायचा असायचा, कधी मांजर व्यायची असायची. (त्या मांजरीने एका वर्षात जेवढ्या वेळा व्यायचं मनावर घेतलं, तेवढं कुठल्याच मांजरीला जमणार नाही.) शेवटी एका रविवारी बायकोला फोनवरच रडू फुटलं. मग पलीकडून आवाज आला, "बरं, येते. पण ह्यांची गाडी पाठवा. ह्यांच्या गाडीतून या घरात आले, जायचं तर तिच्यातूनच जाईन."

'ह्यांची गाडी' म्हणजे सासऱ्यांची पिकअप. त्यांचं फर्निचरचं वर्कशॉप होतं. फिकट निळ्या रंगाची गाडी, पुढे बाकासारखी एकसलग सीट, मागे उघडा हौदा, हौद्याच्या मागच्या तोंडाला लाकडी फाळका. गावातली निम्मी कपाटं, पलंग आणि शाळांची बाकं तिने पोचवली. मलाही तिनेच पोचवलं. लग्नानंतर आम्ही नव्या घरी राहायला निघालो तेव्हा पुढे स्टिअरिंगवर सासरे, मध्ये बायको, खिडकीशी सासूबाई, आणि मी मागे हौद्यात, कपाटाला मिठी मारून. कपाट धरायला भरवशाचं माणूस हवं, असं सासरे म्हणाले होते. (त्यांनी माझ्यावर एवढा विश्वास पुन्हा कधी टाकला नाही.)

थकल्यावर सासऱ्यांनी गाडी आणून आमच्या परसात लावली, किल्ली मुलीच्या हातात दिली आणि चालत निघून गेले. तेव्हापासून ती तिथेच ताडपत्रीखाली उभी होती.

"बॅटरी बदला, टायरमध्ये हवा भरा, की आईला घेऊन येऊ," बायको म्हणाली. "दुसरं काही करू नका." हे शेवटचं वाक्य ती दोनदा म्हणाली. मी एकदाही ऐकलं नाही.

गॅरेजवाला आला, त्याने बॅटरी बसवली आणि किल्ली फिरवली. गाडी आधी खोकली, मग तिने घसा साफ केला आणि तो जुना आवाज सुरू झाला, घुर्र-खट, घुर्र-खट. बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली आणि दारातच उभी राहिली. "बाबा आले की असंच वाजायचं," एवढंच ती म्हणाली आणि हात पुसायच्या निमित्ताने आत गेली. खरं सांगतो, मीही उगाच बॉनेटवरची धूळ पुसू लागलो. तिथेच थांबलो असतो तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण गॅरेजवाला बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "साहेब, इंजिन म्हणजे सोनं आहे. बाकीचं मात्र बघवत नाही."

आता 'साहेब' या शब्दाबद्दल सांगायला हवं. मी कचेरीत आवक-जावक बघतो. कागद येतो, मी शिक्का मारतो, कागद जातो. इतक्या वर्षांत मला तिथे कुणी साहेब म्हटलेलं नाही. आणि इथे एक माणूस हातात पाना घेऊन मलाच विचारत होता, "काय करायचं, साहेब?" माणूस विरघळणार नाही तर काय करणार!

एका हेडलाइटची काच फुटली होती. तसला गोल दिवा आता जगात कुठे मिळत नाही, असं गॅरेजवाल्याने सांगितलं.

"मग?"

"दुसऱ्या गाडीचा बसवू."

"बसेल?"

"साहेब, बसवला की बसतो."

या वाक्याने माझा घात केला. एका नव्या व्हॅनचे चौकोनी दिवे आम्ही त्या गोल भोकांत बसवले. (मध्ये फटी राहिल्या. त्यामुळे गाडी कायम कशाने तरी दचकल्यासारखी दिसू लागली.) दिवे नवे म्हटल्यावर पुढची जाळी जुनाट वाटायला लागली. पण भंगारबाजारात जी चकचकीत जाळी सापडली ती गाडीच्याही आधीच्या जमान्यातली निघाली. मग जाळीला शोभेल म्हणून रुंद टायर, टायर रुंद म्हणून मडगार्ड दुसऱ्या गाडीचे, ते मरून रंगाचे म्हणून बाकीची गाडीही मरून. स्टिअरिंग शर्यतीच्या गाडीचं, पोळपाटाएवढं. पेट्रोलचा काटा कुठला होता देव जाणे, तो टाकी रिकामी असली तरी भरलेलीच दाखवायचा. (स्वभावाने मला तो फार आवडला.) बाकासारखी सीट काढून तिथे एका महागड्या मोटारीच्या दोन ऐटबाज सीटा आल्या, बटणावर पुढे-मागे सरकणाऱ्या. सगळ्यात मोठं काम म्हणजे दारं. जुनं डावं दार इतकं खिळखिळं होतं की वळणावर आपोआप उघडायचं. मी दोन्ही दारं नव्या मॉडेलची बसवली, गाडी सुटली की आपणहून लॉक होणारी.

गाडी गॅरेजमध्ये होती आणि बायकोला मी रोज "ग्रीसिंग चाललंय" असं सांगत होतो. त्या महिन्यात मी एवढं ग्रीसिंग केलं की तिला वाटलं असेल, मी रणगाडा आणतोय.

निघायच्या सकाळी गाडी दारात आणून उभी केली. बायकोने तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"हे काय आहे?"

"आपली गाडी."

"आणि बाबांची कुठाय?"

"अगं, हीच ती. इंजिन तेच आहे!"

मागे जाऊन तिने नवा लोखंडी फाळका हलवून पाहिला. "दोरी कुठाय? बाबा नेहमी वरून दोरी बांधायचे."

"त्याला खटका आहे. दोरीने सगळी शोभा जाते."

"फाळका एका गाडीचा दिसतोय आणि खटका दुसऱ्या गाडीचा."

"बसवला की बसतो," मी म्हणालो.

"आणि येताना आई बसणार कुठे? सीटा दोनच आहेत."

(हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.) "बघू," मी म्हणालो आणि हॉर्न दाबला. वायरिंगमध्ये काहीतरी भानगड होती. हॉर्न वाजला तर वाजायचा, पण शेजारची सीट मात्र हमखास मागे सरकायची.

"अहो, मी मागे चालले!"

"काहीतरीच काय, गाडी पुढे चाललीय."

"गाडी पुढे चाललीय, मी मागे! हॉर्न सोडा!"

सासूबाईंच्या गल्लीत शिरेपर्यंत ती पार मागच्या काचेला टेकली होती आणि आमचं बोलणं मान वळवून चाललं होतं.

गल्लीत गाडीचा आवाज घुमला, घुर्र-खट, घुर्र-खट. आणि तिकडे घराचं दार धाडकन उघडलं. सासूबाई बाहेर आल्या. इतकं चपळ मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. केस नीट विंचरलेले, हातात पिशवी, ओट्यावर बांधून ठेवलेली गादी. बाहेर येतायेताच त्यांनी दाराला कुलूप घातलं. चेहऱ्यावर असं हसू की मी क्षणभर मागे वळून पाहिलं, खरंच कुणी आलंय की काय.

मग त्यांना गाडी दिसली.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"आई, तीच आहे," बायको म्हणाली. "इंजिन बाबांचंच आहे."

"मी काय इंजिनात बसणार आहे?" सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. "ह्यांची गाडी आली की निघेन मी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की तिच्या सगळ्या नजरा मला पाठ आहेत, पण ही नवीन होती. तिच्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. आईला इथून न्यायची एकुलती एक संधी मी मरून रंग देऊन घालवली होती.

"आई, एक चक्कर तर मारा," मी काकुळतीला आलो. "कोपऱ्यापर्यंत. नाही आवडलं तर उतरा." टायर मोठे झाल्याने गाडी उंच झाली होती. शेजारणीकडून स्टूल आणलं आणि आम्ही दोघांनी त्यांना वर चढवलं.

मी गाडी सुरू केली. सासूबाई नव्या सीटवर जरा आतल्या बाजूला कलून बसल्या होत्या, माझ्याकडे. मला वाटलं, नजर कमी झालीय, म्हणून असेल. कोपऱ्यावर उजवीकडे वळलो. गाडी छान वळली. दार घट्ट बंद. मी मोठ्या अभिमानाने त्यांच्याकडे पाहिलं. त्या डोळे मिटून, श्वास धरून बसल्या होत्या, कशाची तरी वाट पाहत असल्यासारख्या. वळण संपलं. त्यांनी डोळे उघडले.

"दार नाही उघडलं," त्या म्हणाल्या.

"आता उघडणारच नाही, आई! ऑटोमॅटिक लॉक आहे."

"थांबवा गाडी."

त्या माझा हात धरून उतरल्या आणि गुडघे सांभाळत घराकडे चालू लागल्या. मी गाडीत बसून राहिलो. तेवढ्यात वाटेत आईशी बोलून बायको आली आणि खिडकीशी थांबली.

"तुम्ही दार दुरुस्त केलंत?"

"हो. धोकादायक होतं ते."

"अहो, बाबांना ते दुरुस्त करता आलं नसतं का? त्यांनी गावभरच्या कपाटांची दारं बसवली होती." तिने नव्या दारावर हात ठेवला. "वळण आलं की ते एका हाताने स्टिअरिंग धरायचे आणि दुसरा हात आईपुढे आडवा धरायचे. प्रत्येक वळणावर. चारचौघांत त्यांनी आईचा हात कधी धरला नाही. मी मध्ये बसलेली असले की तो हात माझ्याही पुढून जायचा. त्याला लाकडाच्या भुशाचा वास यायचा."

मी एवढे पार्ट जमवले, एवढ्या जमान्यांचे. आणि त्या गाडीत खरं जपायचं होतं ते एक खिळखिळं दार, तेच मी स्वतःच्या हातांनी भंगारात घालून आलो होतो. ते परत मिळतंय का म्हणून मी तिथेच गॅरेजवाल्याला फोन केला. ते कोंबड्यांच्या खुराड्याला लागलं होतं. तिथे छान बसलं, असं त्याने कळवलं.

"उतरा," बायको म्हणाली. "गाडी मी चालवते."

सासऱ्यांनी तिला गाडी शिकवली ती याच पिकअपवर. ती पायरीपाशी गाडी घेऊन गेली आणि म्हणाली, "आई, ऊठ. मी न्यायला आलेय." यात काय जादू होती मला माहीत नाही. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पोळपाटाएवढ्या स्टिअरिंगकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "कोपऱ्यापर्यंतच हं." स्टूल पुन्हा आलं.

"आणि मी?" मी विचारलं.

माझा प्रश्न दोघींपैकी कुणालाच अवघड वाटला नाही. मी गादी हौद्यात टाकली, फाळका लावला आणि गादीवर बसलो. सासूबाईंचा आतून आवाज आला, "दोरी बांधली का?"

"खटका आहे, आई!" मी ओरडलो.

गाडी निघाली. मागची छोटी काच मात्र मूळचीच होती. तिच्यातून मला दोन डोकी दिसत होती, एक पिकलेलं, एक पिकू लागलेलं. कोपरा आला. पिकलेलं डोकं जरा आत कललं. आणि बायकोचा डावा हात स्टिअरिंगवरून उठला आणि आईपुढे आडवा झाला. दार लॉक होतं, उघडणार नव्हतं, ते दोघींनाही ठाऊक होतं. सासूबाईंनी तो हात दोन्ही हातांनी धरला आणि वळण संपलं तरी सोडला नाही. कोपरा मागे गेला, पण "थांबव" असं कुणी म्हणालं नाही. माझे डोळे भरून आले. सासऱ्यांनी मला कपाट धरायला बसवलं होतं तीच ही जागा, आणि इथून एवढं सगळं दिसतं हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

मी डोळे पुसतोय तोच दुसरं वळण आलं. आत पुन्हा हात आडवा झाला. इथे मागे मात्र एका गाडीच्या फाळक्याने दुसऱ्या गाडीच्या खटक्याशी असलेलं नातं तोडलं, आणि मी गादीसकट हळूच, अगदी इभ्रतीने, घसरत रस्त्यावर येऊन बसलो. माझ्यापुढे आडवा धरायला कुणाचाच हात नव्हता. गाडी घुर्र-खट करत पुढे निघून गेली. मी हाका मारल्या, पण ते इंजिन खरंच सोनं आहे, माझ्यापेक्षा चांगलं ओरडतं.

एक सायकलवाला घंटी वाजवत आला, गादीला वळसा घालून गेला आणि जाताजाता म्हणाला, "घरी झोपा की हो."

बऱ्याच वेळाने लांबून एक गोड धून ऐकू आली. रिव्हर्स गिअर टाकला की वाजावी म्हणून मीच ती हौसेने बसवून घेतली होती. माझी मरून गाडी, दचकलेले डोळे पलीकडे करून, सगळा रस्ता उलटा येत होती. ती माझ्याजवळ थांबली. डाव्या बाजूची काच खाली झाली आणि सासूबाईंनी डोकं बाहेर काढलं. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा पहिल्यासारखा झाला होता. वाकून, नजर बारीक करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, अगदी काळजीने.

"काय हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "गादी फाटली नाही ना?"