मिरजेचा दात

“छाया, जरा इकडे ये. तुझे दात एक्सेलमध्ये टाकलेत,” लॅपटॉपवरची नजर न काढता सदानंदराव म्हणाले.

छायाताई पोळ्या लाटत होत्या. एसीच्या कंपनीत प्लॅनिंगला होते तोवर सदानंदरावांनी एकतीस वर्षं दुबईतल्या टोलेजंग इमारतींच्या गारव्याचं प्लॅनिंग केलं आणि घराच्या वाटेला कधी गेले नाहीत. तीन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि शारजातल्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटचं नशीब फिरलं. फ्रीजच्या कप्प्यांना नंबर लागले, कढीपत्ता कधी संपणार याचा अंदाज दारावर चिकटला, आणि आता गाडी दातांवर आली होती.

“हे बघ, व्हिसासाठी हेल्थ इन्शुरन्स घेतला. पण त्यात दात नाहीत, दात सेपरेट. दोघांचे वर्षाला बावीसशे दिरहॅम. म्हणजे बावन्न हजार रुपये.”

“बावन्न हजार? न दुखणाऱ्या दातांना?”

“ऐक तरी. आता हा दुसरा कॉलम. तुझी मिरज. तिकीट नऊशे. आणि तुझी ती बॅग. खजूर, बदाम, अत्तरं, अक्काच्या शेजारणीच्या नातवाला चॉकलेटं, सतराशे. टोटल सव्वीसशे. म्हणजे पॉलिसी घेतली तर चारशे वाचले आणि मिरज खलास!”

छायाताईंचं लाटणं पोळीवरच थांबलं.

आखातातली एक रीत आहे. ताप, सर्दी, मोडलेलं हाड इथे बघायचं. दात मात्र गावी जाऊन. इथल्या डेंटिस्टचा आकडा ऐकला की निम्मं दुखणं तिथेच थांबतं. त्या रीतीला धरून छायाताई गेली बावीस वर्षं दर जानेवारीत महिनाभर मिरजेला, थोरल्या बहिणीकडे, ‘दातांच्या कामा’ला जात. तिथे डॉ. शौकत वीस मिनिटांत दात साफ करून पाचशे रुपये घेत आणि म्हणत, “काही नाही, या पुढच्या वर्षी.” उरलेले एकोणतीस दिवस बारा तास अक्काशी बोलायचं आणि बारा तास झोपायचं. डबा नाही, धुणं नाही, ‘माझा चष्मा कुठाय’ नाही. सदानंदरावांना जानेवारीत रजा मिळत नसे, आणि त्यांच्या त्या कंपनीला छायाताई मनोमन दुवा देत. नवरा वाईट होता असं मुळीच नाही. पण वर्षातून एक महिना माणसाला कुणाची तरी धाकटी बहीण होऊन राहावंसं वाटतं, आणि त्याला एक्सेलमध्ये कॉलम नसतो.

“मला त्याच डॉक्टरांची सवय आहे,” त्या म्हणाल्या.

“अगं, दात तुझ्या तोंडात आहेत, मिरजेत नाहीत!”

रविवारी सून मुग्धा नातीला घेऊन आली. तिनं ऐकलं आणि भाबडेपणानं आगीत तेल ओतलं. “बाबा, आमच्या बिल्डिंगखाली डॉक्टर मरियम आहेत. पॉलिसी घ्यायच्या आधी चेकअप फ्री असतं, दोघांचंही. आधी दाखवा, मग डिसाइड करा.”

‘फ्री’ म्हटल्यावर सदानंदरावांनी तिथल्या तिथे बुधवारची अपॉइंटमेंट घेतली. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण फुकट कोरून मिळत असतील तर त्यांची हरकत नव्हती.

आता छायाताईंनी स्वतःचं प्लॅनिंग केलं. आपला दात दुखतो म्हणायचं. इथल्या डॉक्टरला काही सापडणार नाही, कारण दुखतच नाही. मग म्हणायचं, बघा, यांना कळतसुद्धा नाही. मिरजेशिवाय इलाज नाही. बेत इतका सोपा होता की त्यांनी लगेच गालावर हात ठेवून सराव सुरू केला.

“आजी, व्हाय आर यू होल्डिंग युअर चीक?” सृष्टीनं विचारलं.

“दात दुखतोय बाळा.”

“बट यू आर ईटिंग शेंगदाण्याची चिक्की.”

छायाताईंनी चिक्की गिळली आणि नातीला कार्टून लावून दिलं.

बुधवारी डॉ. मरियमनी छायाताईंना खुर्चीत झोपवलं. डॉक्टर चाळिशीच्या, हसऱ्या, केरळातल्या कोळिकोडच्या, हिंदी बोलत. सदानंदराव शेजारी वही-पेन घेऊन उभे राहिले.

“कहाँ दर्द है, आंटी?”

“यहाँ. डावी... मतलब लेफ्ट साइड.”

“सकाळी उजवी म्हणाली होतीस,” वहीत बघत सदानंदराव म्हणाले.

“सरकलं ते.”

“सरकलं? दाढ आहे का पाहुणा आहे?”

डॉक्टरांनी थंडगार कापसाचा बोळा चिमट्यात धरला. तो ओठांपासून वीतभर लांब असतानाच छायाताई किंचाळल्या. मग डॉक्टरांनी एकेका दातावर हलकेच टकटक केली. कुठला दात दुखरा सांगितला होता हे छायाताईंच्या लक्षात राहिलं नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांनाच ‘हाँ’ म्हणत गेल्या. एक्स-रे निघाला. तो अगदी कोरा करकरीत होता.

“एक्स-रे में कुछ नहीं है,” डॉक्टर विचारात पडल्या.

“बघा!” छायाताई उठून बसल्या. “मी म्हटलं नव्हतं? यांना नाही सापडायचं. याला मिरजच—”

पण सदानंदरावांचा चेहरा पडला होता. “अगं, बत्तीसच्या बत्तीस दुखतात आणि तू आजवर बोलली नाहीस? आणि हे घेऊन तू जानेवारीपर्यंत थांबणार? नाही, नाही. पॉलिसी आजच. लगेच लागू होते, वेटिंग नाही. डॉक्टर, फॉर्म दीजिए!”

छायाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याला आपली काळजी वाटते, हे या बेतात कुठेच धरलेलं नव्हतं.

“थांबलं!” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “त्या गार बोळ्यानं थांबलं बहुतेक. आता काही नाही.”

“काहीच नाही?”

“अजिबात नाही.”

“मग उत्तमच!” सदानंदरावांनी पेनला टोपण लावलं. “म्हणजे पॉलिसी नको आणि मिरजही नको. सव्वीसशेच्या सव्वीसशे वाचले. यल्ला, चल.”

आता दुखलं तर पॉलिसी आणि न दुखलं तर मिरज नाही! इकडे आड, तिकडे विहीर. छायाताईंचा हात आपोआप पुन्हा गालाकडे गेला. सदानंदरावांनी पुन्हा टोपण काढलं. हात खाली आला, टोपण लागलं.

हा खेळ डॉ. मरियम शांतपणे बघत होत्या. “अंकल,” त्या म्हणाल्या, “आप ज़रा रिसेप्शन से फॉर्म ले आइए.” दार लागल्यावर त्यांनी स्टूल जवळ ओढलं. “आंटी, अब सच बताइए. दर्द कहाँ है?”

छायाताईंनी छताकडे बघितलं. डोळे उगाचच भरून आले.

“मिरज में,” त्या म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. अक्का पंचाहत्तरीची झाली, गुडघ्यांनी बसलीय. दर वर्षी निरोप घेताना म्हणते, पुढच्या वेळी मी असेन-नसेन. आणि त्या महिन्यात दोघी किती हसतात. तोडकंमोडकं हिंदी संपलं तिथे मराठी लागलं, पण डॉक्टरांना सगळं समजलं असावं.

“आंटी,” त्या हळूच म्हणाल्या, “मेरे पहचान के यहाँ चालीस डेंटिस्ट हैं. लेकिन मेरे दाँत हमेशा कोळिकोड में ही साफ होते हैं. अम्मा के घर के पास.”

दोघी हसत होत्या तेवढ्यात सदानंदराव फॉर्म घेऊन आत आले. डॉक्टर लगेच गंभीर झाल्या. आंटीचे दात फर्स्ट क्लास आहेत, त्यांनी सांगितलं. ज्या डॉक्टरांनी इतकी वर्षं सांभाळले त्यांच्याकडेच जाणं चालू ठेवा, वेगळ्या पॉलिसीची त्यांना गरज नाही. खुद्द डॉक्टरच पॉलिसी नको म्हणतायत म्हटल्यावर सदानंदरावांनी मिरजेच्या कॉलमपुढे निमूटपणे बरोबरची खूण केली. छायाताईंना खुर्चीवरून उडी मारावीशी वाटली.

“और अंकल, आपका भी चेकअप फ्री है.”

“मेरा? मेरे दाँत तो एकदम ओके,” म्हणत सदानंदराव ऐटीत खुर्चीत बसले. दात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. तीन किडलेले, एकाला रूट कॅनॉल, आणि मागची दाढ केवळ सवयीनं उभी होती.

छायाताईंना वाईट वाटलं. पण सदानंदरावांचा चेहरा मात्र हळूहळू उजळला.

“छाया! सोपं आहे की! मीही येतो मिरजेला. आता रजेचा प्रश्नच नाही. माझं काम मोठं, म्हणजे दोन महिने राहू. अक्कांचं घरही एकदा नीट लावून देतो. त्यांच्या फडताळाला नंबर...”

छायाताईंच्या दाढेतून खरीखुरी कळ गेली. गच्चीत उन्हाला बसलेल्या दोन बहिणी, आणि मधे वही-पेन घेऊन उभे सदानंदराव! त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हातमोजे काढण्यात फारच गुंतल्या होत्या.

“डॉक्टर,” छायाताई म्हणाल्या, “वो पॉलिसी अकेले आदमी को मिलती है क्या?”

“मिलती है. लेकिन इनको हर हफ़्ते आना पड़ेगा. फरवरी तक.”

“आईंगे!” छायाताईंनी परस्पर सांगून टाकलं आणि नवऱ्याच्या हातातली वही घेतली. “हे बघा. दोघांचे बावीसशे, म्हणजे तुमच्या एकट्याचे अकराशे. माझं तिकीट नऊशे. झाले दोन हजार.”

“आणि तुझी बॅग? सतराशे?”

“बॅग नको. रिकाम्या हातानं जाईन. अक्काला खजूर नको असतात हो, मी हवी असते.”

सदानंदरावांनी वही स्वतःकडे ओढून बेरीज दोनदा तपासली. दातही झाले, मिरजही झाली, आणि बावीसशेच्या पॉलिसीपेक्षा दोनशे दिरहॅम, म्हणजे जवळजवळ पावणेपाच हजार रुपये, वाचत होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत असला आकडा त्यांनाही साधला नव्हता.

त्यांनी फॉर्मवर सही केली आणि कौतुकानं बायकोकडे पाहिलं. “शाबास! तीन महिने घरी बसून शिकवतोय, आता कुठे तुला प्लॅनिंग जमायला लागलंय.”

“तुमच्याचकडून शिकतेय हो,” छायाताई म्हणाल्या, आणि लिफ्टमध्ये शिरता शिरता त्यांनी अक्काला फोन लावला.