वीस नंबरचा मासा

सूत ओळखण्यात माझा हात धरणारी बाई अख्ख्या तांडापेठेत सापडली, तर मी भागीरथा हे नाव लावायचं सोडून देईन! डोळे बांधा, दोन बोटांत धागा द्या, विसाचा की चाळिसाचा ते सांगते. शाळा माझी तिसरीपर्यंतच. पण नंबर म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायचं नाही. आम्हा कोष्ट्यांच्या घरात नंबर असतो सुताचा. नंबर लहान, सूत जाड. नंबर मोठा, सूत बारीक. पाळण्यातल्या पोरालाही कळतं हे!

कळत नाही ते माझ्या गिरिधरला. कारण तो माशांत डॉक्टर होऊन राहिला आहे. म्हणजे मासे काही आजारी नाहीत. पाणी थंड असलं, गरम असलं, तर मासा किती जोरानं पोहतो आणि त्याचे स्नायू कसे चालतात, यावर म्हणे जाडजूड काहीतरी लिहायचं. मग कॉलेज त्याला कायमचं घेणार.

कॉलेजात टब ठेवायला जागा नव्हती. मग जागा कोणाची गेली? माझ्या मागाची! याचे वडील गेल्यावर अकरा वर्षं त्या मागावर लुगडी विणून मी याला शिकवला. तो माग यानं एका दुपारी उकलला, लाकडं अंगणात भिंतीला टेकवली, आणि मागाखालच्या, माझे पाय सोडायच्या खड्ड्यात टिनाचा टब ठेवला!

"इथं गारवा चांगला आहे, आई."

"मले नको सांगू गारवा! अकरा वर्षं मीच बसली होती तिथं."

"सहा हप्त्यांची गोष्ट आहे. कॉलेजातले माझे महादेवराव सर येऊन तपासून गेले की दुसऱ्याच दिवशी टब काढतो, माग बसवून देतो."

"बापाची शपथ?"

"शपथ वं आई!"

खड्ड्यातल्या टबावर त्यानं रंगानं लिहिलं '२०'. खिडकीखाली दुसरा टब, त्यावर '३०'. दोन्हींत बोटाएवढे रोहू, दहा-दहा. विसाच्या टबात दिवसातून चारदा बर्फ, तिसाच्या टबात कढत पाण्याचा तांब्या. चैत्राचं ऊन, मासे बर्फात, आणि मी सुपानं वारा घेत बसलेली! माझी सून प्रेमलता तासातासाला त्या पाण्यात काचेची कांडी बुडवून बघायची. माझी दोन बाळंतपणं झाली, पण एवढी चौकशी माझ्या तापाची कोणी केली नव्हती.

एकदा मी विचारलं, "काहून रे, हे वीस-तीस काय लिहिलं?"

"नंबर आहे, आई. तुले नाही समजणार."

नंबर! आणि मला नाही समजणार!

सर यायचे तो रविवार उजाडला. गिरिधर त्यांना आणायला गेला, प्रेमलता बर्फ आणायला. मी टबात डोकावले तर काठाला हिरवं शेवाळ! पाहुणा काय म्हणेल? वीसही मासे एका बादलीत काढले, टब राखेनं घासून लखलखीत केले, नवं पाणी भरलं. एकात उरलेला बर्फ, एकात कढत पाणी, रोजच्यासारखं. बोट घालून पाहिलं, बरोबर.

आणि मग बादलीत नीट पाहिलं. अरे देवा! काही मासे जाड, काही बारीक, सगळी खिचडी! विणकर सोसायटीनं असं सूत दिलं असतं तर मी गठ्ठा तिथंच फेकला असता. एवढा शिकला, पण निवड येत नाही! सरांनी हे पाहिलं तर पोरगा नापास. तो नापास झाला की टब काही हलत नाही, आणि माझा माग बसत नाही. बसले मांडी घालून. दहा जाड मासे विसात, दहा बारीक तिसात. एक चूक नाही!

सर आले. जाडसर, घामाघूम, हातात थांबणारं-चालणारं घड्याळ. गिरिधरनं टिनाच्या लांब पन्हळीत प्रेमलतानं आणलेल्या बर्फाचं पाणी भरलं.

"सर, हे थंडीले रुळलेले मासे. थंड पाण्यातही बाणासारखे जातेत, पाहा!"

पहिला गेला बाणासारखा. गिरिधरची छाती फुगली. दुसरा सोडला. तो एका अंगावर कलला आणि जेवणानंतर सोसायटीचा कारकून बसतो तसा तळाशी बसला! तिसरा तसाच. चौथ्यानं तर पोटच वर केलं. मग तिसाचे मासे गरम पाण्यात सोडले, तर एक सुसाट आणि दुसरा घाण्याच्या बैलासारखा गोल गोल!

"गिरिधर," सर म्हणाले, "सहा हप्ते तुम्ही करून काय राहिले होते?"

पोराचं तोंड धुतलेल्या सुतासारखं पांढरं पडलं. आईचं काळीज, मला राहवलं नाही.

"सर, पोराले बोलू नका जी! त्यानं मासे मिसळून ठेवले होते. पण मी आज सकाळी नीट लावून दिले."

"लावून दिले? कसे?"

"नंबरानं! वीस जाड, तीस बारीक. हात लावून पाहा, एक चुकला असंल तर सांगा!"

प्रेमलताच्या हातातली कांडी पडून फुटली. गिरिधर खड्ड्याच्या काठावर मटकन बसला आणि त्याचे दोन्ही पाय टबात गेले.

"आई! तो पाण्याच्या उष्णतेचा नंबर होता!"

"मंग तसं सांगायचं होतं! जीभ झिजली असती का तुही?"

सर चांगले माणूस. ते समजावायला लागले, "बाई, मासा एका पाण्यात सहा हप्ते राहिला की त्याचे स्नायूच त्या पाण्याचे होतेत. त्याले एकदम उचलून दुसरीकडं टाकलं तर अंग आखडते. हळूहळू न्यावं लागते."

"हळूहळू?" मी म्हटलं. "माशाले हळूहळू? मले तर एका दुपारीच उचललं जी, अकरा वर्षांच्या जागेवरून!"

सर घड्याळाकडे बघायला लागले. गिरिधर टबातल्या स्वतःच्या पायांकडे.

जाता जाता सर म्हणाले, "आता उन्हाळा चढला. पुन्हा सुरुवात हिवाळ्यातच करा. आणि हे जे झालं तेही लिहा गिरिधर, वाया नका घालवू. पाणी एकदम बदललेल्या माशांसाठी एक तिसरा टब लावा."

थंडी पडल्या पडल्या लावला! आता तिन्ही टबांवर आकड्यापुढे 'अंश' लिहिलं आहे, आणि गिरिधर मला ते बहिऱ्याला सांगतात तसं ओरडून वाचून दाखवतो. तिसरा टब जरा डुगडुगत होता. पाणी सांडून जमीन खराब व्हायची, म्हणून अंगणातून माझ्या मागाचं एक लाकूड आणून मीच त्याच्याखाली घातलं. सागवान आहे, अस्सल.

टब आता तसूभर हलत नाही!