तीन कपाटं आणि लाल बोर्ड

हिरालाल वासनिकनं बसवलेला बोल्ट दुसऱ्या कोणाच्या बापाला खुलत नाही, ही गोष्ट हिरालाल स्वतःच सगळ्यांना सांगायचा. मलाजखंडला खाणीच्या वर्कशॉपात फिटर होता तेव्हा एकतीस वर्षं सांगितली, आणि निवृत्त होऊन बालाघाटला घर बांधल्यावर वॉर्डातल्या लोकांना सांगायला लागला. माणसं भली होती. "हौ काका," म्हणायची आणि आपल्या कामाला जायची. पुरतं ऐकून घेणारी एकटी त्याची बायको आनंदी होती, आणि तिला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

घराला लागून गॅरेज होतं. गाडी घ्यायची म्हणून बांधलं; गाडी काही आली नाही. "आधी गॅरेज बांधते अन् मंग गाडी पाहते, असा माणूस मी नाई पाह्यला," असं आनंदी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आता तिथं मागच्या भिंतीला एक कामाचं टेबल होतं आणि टेबलाशेजारी चादरीखाली झाकलेली जुनी स्कूटर. त्या स्कूटरवर मागं बसून आनंदी बाजाराला जायची, पिशवी दोघांच्या मध्ये ठेवून. ती गेल्यावर स्कूटरला कोणी किक मारली नव्हती.

मुलगी आम्रपाली रायपूरला. तिचा दर रविवारी फोन यायचा.

"बाबा, दिवसभर करता काय तुम्ही?"

"काम करतो."

"कोणतं काम?"

हिरालालनं ठोकून दिलं, "गॅरेजात वर्कशॉप खोललं. कोणी पंखा आणते, कोणी मिक्सर आणते. लाइन लागून राह्यते. मले फुरसत नाई भेटत."

आम्रपाली म्हणाली, "ठीक आहे, मी येत्या शनिवारी येते. तुमचं वर्कशॉप पाहते. आणि तसं काही नसलं ना, तर सामान बांधायचं आणि माझ्यासोबत यायचं. अकेले नहीं रहना अब, बस."

रायपूरला तो पंधरा दिवस राहून आला होता. सातवा मजला. हातोडी हातात घेतली की खालच्यांचा फोन यायचा. समोरच्या दारातल्या माणसाचं नावसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं. जावई सज्जन, नातू गोड, पण तिथं हिरालालला दिवसभर खुर्चीत बसवून ठेवायचे आणि खुर्ची झाडायची वेळ झाली की दुसऱ्या खुर्चीत बसवायचे. हे घर सुटलं तर आपण संपलो, असं त्याला अगदी आतून वाटत होतं. हे त्यानं मुलीला कधी सांगितलं नाही. लाइन लागते, एवढंच सांगितलं.

लाइन कशी लागायची ते नंतर पाहता आलं असतं. निदान वर्कशॉप तरी दिसायला हवं होतं. म्हणून हिरालालनं गोंदिया रोडवरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून हत्यारं ठेवायची तीन उंच लोखंडी कपाटं करून घेतली. बेत असा, की तिन्ही कपाटं गॅरेजच्या मधोमध आडवी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसवायची. गिऱ्हाईक बाहेरच्या बाजूला, मिस्त्री आतल्या बाजूला. कपाटांची दारं मिस्त्रीकडे, बोल्टसुद्धा मिस्त्रीकडे. वर्कशॉपातली शिस्तच तशी होती.

शनिवारी सकाळी त्यानं गॅरेजच्या शटरवर आपला लाल बोर्ड टांगला. हा खाणीतला रिवाज. मशीनीच्या पोटात फिटर शिरला की बाहेर त्याच्या नावाचा बोर्ड लागायचा: 'सावधान. आदमी काम पर है. बोर्ड हटाना मना है. हिरालाल.' ज्यानं लावला त्यानंच काढायचा. साहेब आला तरी हात लावायचा नाही. निवृत्त होताना लोकांनी शाल दिली, नारळ दिला. हिरालालनं हा बोर्ड मागून घेतला होता.

बोर्ड लावून त्यानं आतून शटर खाली ओढलं. धूळ उडते हे एक कारण होतं. दुसरं कारण पुनाराम.

पुनाराम डोंगरे मागच्या गल्लीत राहायचा. वर्कशॉपात सव्वीस वर्षं हिरालालचा जोडीदार. फिटर एकटा काम करत नाही. या बाजूला एक, त्या बाजूला एक. आनंदी गेल्यावर पुनाराम रोज संध्याकाळी येऊन बसायचा. बोलायचा नाही फारसा, चहा प्यायचा आणि जायचा. एक दिवस हिरालालचं डोकं फिरलं आणि तो म्हणाला, "रोज रोज कायले येतं? मले कोणाची गरज नाई." पुनारामनं कप खाली ठेवला. त्याला आता आठ महिने झाले. रोज दहा वाजता तो याच रस्त्यानं दुधाची पिशवी घेऊन जायचा, मान सरळ ठेवून. हिरालालही खिडकीतून मान सरळ ठेवूनच त्याच्याकडे पाहायचा.

काम मात्र देखणं झालं. पाइपाच्या तुकड्यांवरून कपाटं सरकवत आणली, एकमेकांना जोडली, भिंतीत भोकं पाडली, बोल्ट आवळले. भिंत आणि कपाट यांच्यात एक सूत फट राहिली नाही, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर हिरालालनं सतरा नंबरचा पाना कपाटावर ठेवला आणि अभिमानानं कपाटाला एक थाप मारली. पाना पलीकडे पडला.

"जाऊ दे, घेऊन येतो," असं म्हणून हिरालाल वळला. उजवीकडे भिंत होती. डावीकडे भिंत होती. मागं टेबल, स्कूटर आणि भिंत. पुढं कपाटं. बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती.

तो स्कूटरवर बसला. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, कारण एकतीस वर्षं कपाटाच्या त्या बाजूला कोणीतरी उभं असायचं. "उस्ताद, तुम्ही निंघान कुठून?" हे विचारणं त्या माणसाचं काम होतं.

मोबाइल शटरजवळ चार्जिंगला. बाकीची हत्यारं तिथंच पोत्यात, कारण ती मागाहून कपाटात लावायची होती. आत फक्त ड्रिल, हातोडी, थोडी तार आणि पाण्याची बाटली. त्यानं जमिनीवर आडवं होऊन कपाटाखालून पाहिलं. पाना दिसत होता, दोन हातांवर. तारेचा आकडा करून ओढायला गेला तर पाना आणखी हातभर पुढं सरकला. वरून चढून जावं म्हटलं, तर कपाट आणि पत्र्यामध्ये जेमतेम एक फूट जागा, आणि हिरालालचं पोट निवृत्तीनंतरचं.

मग हातोडीनं कपाट बडवायला सुरुवात केली. दहा मिनिटं बडवलं. मागच्या भिंतीतल्या हवेच्या जाळीतून शेजारच्या दीपिकाचा आवाज आला. ती शाळेत शिकवायची.

"काका, मी पेपर तपासून राह्यली. जरा हळू ठोका ना."

आता बोलणं भाग होतं. पण अडकलो कसं म्हणायचं? उद्या सगळ्या शाळेला कळलं असतं.

"दीपिका," तो जाळीपाशी जाऊन म्हणाला, "पुनारामले बोलाव जरा."

"पुनारामकाकाले? तुमचं तं बोलणं नाई ना त्यायच्यासोबत?"

"बोलाव म्हटलं ना."

"काका, तुम्ही आत अडकले काय?"

हिरालालनं हातोडी खाली ठेवली. दीपिका हसू दाबत चप्पल घालून निघाली, आणि जाता जाता दोन घरी सांगून गेली.

पुनाराम आला. शटरबाहेर त्याची चप्पल थांबल्याचं हिरालालनं ऐकलं. शटर मात्र वर गेलं नाही.

"उघडा ना काका," दीपिका म्हणाली. "नुसतं ओढलेलं हाय, कुलूप नाई."

"बोर्ड लागला हाय," पुनाराम म्हणाला.

"मंग?"

"मंग नाई उघडत."

आतून हिरालाल ओरडला, "पुनाराम, मी सांगून राह्यलो, काढ बोर्ड."

"आतून आवाज येऊन राह्यला," पुनाराम शांतपणे दीपिकाला म्हणाला, "पण माणूस दिसून नाई राह्यला. तोंडी परवानगी चालत नाई. मी नवा लागलो तेव्हा याचा बोर्ड वाकडा दिसला म्हणून सरळ केला, तं तीन दिवस बोलला नाई हा माह्यासंगं."

नियम हिरालालचाच. हिरालालनंच त्याला पाठ करून घेतला होता. एव्हाना रस्त्यावर माणसं जमली. ऑटोवाला रवी ऑटो उभी करून उतरला आणि शटरला हात घालू लागला, तर पुनाराम आडवा झाला. कोणी म्हणालं पोलिसांना बोलवा, कोणी म्हणालं पत्रा कापा. एक बाई घरातून मिक्सर घेऊन आली, वर्कशॉप उघडलंच आहे तर दाखवून घ्यावा म्हणून. तिच्या मागं एक जण पंखा घेऊन उभा राहिला. आठ महिन्यांत या दारात एक माणूस आला नव्हता, पत्ता विचारायला आलेला एक जण सोडून. आता लाइन लागली होती आणि मिस्त्री कपाटांमागं बंद होता.

"पुनाराम," हिरालालचा आवाज जरा उतरला. "फिटर स्वतः येऊ नाई शकत असंल तं काय करतेत? नियम सांग."

"त्याचा जोडीदार काढते."

"मंग काढ ना."

"कोणाचा जोडीदार? मले तं सांगतलं होतं, गरज नाई म्हणून."

आत हिरालाल स्कूटरवर बसला होता, आणि सवयीनं पुढं सरकून, मागं एका माणसाची आणि एका पिशवीची जागा सोडून बसला होता. ते त्याच्या आत्ता लक्षात आलं. गेली दोन वर्षं तो रोज असाच बसत होता, खुर्चीत, खाटेवर, सगळीकडे.

"पुनाराम डोंगरे माहा जोडीदार हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "मले त्याची गरज हाय. तवा खोटं बोललो मी. घर खायला उठते मले. कोणी येत नाई इथं. लाइन-बिइन काही नाई."

बाहेर कोणीतरी नाक ओढलं. मग एक ओळखीचा आवाज आला, "बाबा?"

आम्रपाली दुपारच्या गाडीनं आली होती. बॅग खांद्यावर तशीच होती. गर्दी पाहून आधी ती धावतच आली होती. मग मिक्सर आणि पंखेवाले पाहून तिला क्षणभर वाटलं होतं, बाबा खरंच सांगत होते. आणि तेवढ्यात तिनं बाकीचं ऐकलं.

पुनारामनं बोर्ड काढला, शर्टाला पुसला आणि शटर वर केलं. जमिनीवरचा पाना उचलून कपाटावरून पलीकडे दिला. हिरालालला आपलेच बोल्ट खोलायला पाऊण तास लागला, कारण ते खरोखरच पक्के बसले होते. तोवर गर्दी पांगली. मिक्सरवाली बाईसुद्धा गेली.

बाहेर आल्यावर आम्रपालीनं आधी त्याला जवळ घेतलं, मग रागावली. "बस झालं बाबा. सामान बांधा. काही झालं असतं तर?"

हिरालालनं खाली पाहिलं.

"पोरी," पुनाराम म्हणाला, "काम अर्धवट टाकून फिटर जात नसते. अलमाऱ्या पाह्य, कशा वाकड्या उभ्या हायेत."

आम्रपालीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिलाही सोमवारी कामावर जायचं होतं. "ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "कपाटं नीट बसवा. काकांना सोबत घेऊन. काम पूर्ण झालं की मला फोन करायचा, मी न्यायला येते. झूठ नहीं बोलना."

"नाई बोलत," हिरालाल म्हणाला. रविवारी संध्याकाळी ती गेली आणि घर पुन्हा तेवढंच मोठं झालं.

सोमवारी नऊ वाजता पुनाराम टेप घेऊन हजर. बोर्डावर खडूनं त्यानं आपलं नाव लिहिलं. दिवसभर दोघं फारसं बोलले नाहीत. "धर", "सोड", "जरा वर", एवढंच. एक कपाट बाजूच्या भिंतीला लागलं आणि माणूस जायला दोन फुटांची वाट राहिली. चार वाजता शेवटचा बोल्ट आवळला गेला. हिरालाल त्या वाटेनं बाहेर आला, परत आत गेला, परत बाहेर आला.

"झालं मंग," पुनाराम हात पुसत म्हणाला. "पोरीले फोन लावा लागन."

"हौ," हिरालाल म्हणाला. मोबाइल हातात घेतला आणि नुसताच धरून बसला.

पुनाराम आत गेला आणि त्यानं चादर उचलली. "अन् हे स्कूटर?"

"काय झालं स्कूटरले?"

"हँडल सव्वादोन फूट. वाट दोन फूट. बाहेर कशी निंघन?"

"नाई निंघत," हिरालाल विचार करून म्हणाला.

"म्हणजे अलमाऱ्या परत खोला लागतीन."

"परतच."

"किती दिवस?"

"आता कसं सांगू? मी बसवलेले बोल्ट हायेत. लवकर खुलत नाई."

पुनारामनं चादर पुन्हा नीट टाकली. सकाळी आल्या आल्या त्यानं पहिल्यांदा हीच चादर उचलून टेपनं हँडल मोजलं होतं. हिरालालनं ते कपाटाआडून पाहिलं होतं आणि चहा ठेवायला आत निघून गेला होता.

फोन वाजला. आम्रपालीच होती. "बाबा, झालं का काम? खरं सांगा."

"नाई बेटा," हिरालाल म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. "थोडं राह्यलं."