मोरोपंतांच्या म्हशीसाठी स्थळ

मोरोपंत वकिलांच्या अमरावतीच्या घरात त्या उन्हाळ्यात दोन स्थळं पाहणं चालू होतं. एक लेकीसाठी आणि एक म्हशीसाठी.

लेकीचं जवळपास जमलं होतं. मुलगा दिल्लीला सरकारी कचेरीत होता आणि उन्हाळ्यात साहेबांबरोबर शिमल्याला जात असे. विमलच्या मनात मात्र मूळचे भातकुलीचेच, तिथल्या शाळेतले देवीदास मास्तर होते. तिच्या आईला, गोदावरीबाईंनाही, ते पसंत होते. पण भातकुली पडली खारपाणपट्ट्यात. जिथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही तिथे लेक द्यायची नाही, असं म्हणून मोरोपंतांनी विषय मिटवला होता. तेव्हापासून विमल वडिलांशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलत होती.

म्हशीच्या बाबतीत मात्र वकीलसाहेबांनी शेतकी खात्याची पुस्तकं वाचून चांगला अभ्यास केला होता. कोर्टातून आले की पगडी काढायच्या आधीच ते आनुवंशिक गुणांवर बोलू लागत आणि घरातल्या प्रत्येकाला काहीतरी काम आठवे.

एका रविवारी मुलाचे काका किसनराव धामणगावहून बोलणी पक्की करायला आले. पुरणपोळी जेवून ते माजघरात आडवे झाले आणि नेमका तेव्हाच ओसरीवर गुरांचा व्यापारी अब्दुल रहीम आला. पाहुणा घरात असताना रेड्याचं नाव काढायचं नाही, अशी गोदावरीबाईंची ताकीद होती. मोरोपंतांनी वकिली डोकं लढवलं आणि रेड्याला 'स्थळ' म्हटलं. अब्दुल रहीम रसिक माणूस, त्याने ते लगेच उचललं.

"दिल्लीवाला दिसाले झकास हाये, वकीलसाहेब. आंगानं भरेल. लोक म्हून राहिले, त्यालेच घ्या."

"मले नको तो दिल्लीवाला," मोरोपंत म्हणाले. "उन्हाळा आला का थंडी जागा शोधते. आपल्या वैशाखात जीभ काढून बसन. अन् त्याची पोरंबी तशीच निघतीन. गुण रक्तातून येते, रहीमभाई. भातकुलीचं आना. खारं पाणी पिऊन ज्याच्या सात पिढ्या टिकल्या, त्याचीच पोरं इथं टिकतीन."

किसनरावांची झोप पहिल्याच वाक्याला उडाली होती. ते टोपी घालून बाहेर आले.

"पुतण्या शिमल्याले सरकारच्या हुकमानं जाते," ते म्हणाले. "थंडी जागा शोधाले नाही."

मोरोपंतांची गाळण उडाली. घाईघाईत जे खरं होतं तेच तोंडून गेलं. "अहो, आमी रेड्याबद्दल बोलून राहिलो होतो."

"म्हंजे माह्या पुतण्याले तुमी रेडा म्हनता?"

यापुढे खुलासा जितका झाला तितकं प्रकरण चिघळत गेलं. अब्दुल रहीमला साक्षीला घेतलं, तर त्याने इमानाने सांगितलं की दिल्लीवाल्याच्या तब्येतीत काही खोट नाही, फक्त तो इथे टिकणार नाही. मग मोरोपंतांनी धावत जाऊन शेतकी खात्याचं पुस्तक आणलं. त्यात दिल्लीकडच्या एका थोराड रेड्याचा फोटो होता. किसनरावांनी तो नीट पाहिला, छत्री उचलली आणि टांगा बोलावला.

हातचं स्थळ गेलं म्हणून मोरोपंतांना मनापासून वाईट वाटलं. आता बायको काय म्हणेल, या धास्तीने त्यांनी मागे पाहिलं. गोदावरीबाई दारात शांत उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे विमल होती.

"मंग लेकीलेच भातकुली काहून नाही?" त्यांनी विचारलं.

"अवं, तिथलं पाणी…"

"तिची पोरं तं पितीन ना ते पाणी? रक्तातून येते, तुमीच म्हनता. म्हशीचं इतकं पाह्यता, थोडं लेकीचंबी पाहा."

उलटतपासणीत भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या मोरोपंतांना स्वतःचाच मुद्दा खोडता येईना. विमल किती दिवसांनी त्यांच्याकडे सरळ पाहत होती. त्यांना तिची फार माया आली.

अब्दुल रहीम पायरीवर जोडे घालत होता. "मंग वकीलसाहेब, भातकुलीचं पक्कं समजू?"

मोरोपंतांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "पक्कं," ते म्हणाले.

"येत्या रविवारी घेऊनच येतो त्याले," अब्दुल रहीम म्हणाला, आणि विमल लाजून आत पळाली.