गजराबाईंच्या रांगोळ्या लिनक्सपार उतरविल्याची हकीकत

श्रीकाळभैरव सोनारीकर यांची नजर मुलखावर असतां, दसरा सरोन दिवाळी उंबऱ्याशी आली, ते समयी कसबे परंडे येथील बसस्थानकासमोरील झेरॉक्स दुकानाचे खावंद बलभीमराव यांजवर जो प्रसंग गुदरला, तो ऐकणारांनी हातचा चहा खाली ठेवोन ऐकावा. खोटं एक अक्षर न्हाय; थोडं फुगवलं असंल, तितकं माफ.

रावांची थोरली बहीण गजराबाई. गेले साली दिवाळी पाडव्याचे रांगोळीस्पर्धेत गल्लीतील उमादेवीने त्यांस मागे सारिले, ते शल्य पोटी धरोन बाईंनी तळहातावर मावेल ऐसे जुने डायरीयंत्र पैदा केले आणि त्याचे पडद्यावर प्लास्टिकच्या काडीने वर्षभर नव्या रांगोळ्या रेखिल्या आणि कोणास दाविल्या नाहीत. मग यंत्र ओट्यावरोन पडले आणि निम्मा पडदा काळा जाहला आणि बॅटरी उतरणीस लागली. ती विझली की आतील रांगोळ्या समूळ बुडणार, ऐसा त्या जुन्या यंत्राचा कायदा. सबब दुकानातील लिनक्स संगणकात रांगोळ्या जिवंत उतरवाव्या, ऐसा आक्कांचा हुकूम सुटला.

बलभीमराव मर्द मोठे, राग त्याहून मोठा. यंत्र त्याचे चार्जिंगचे बैठकीवर बसविले, बैठकीची यूएसबी तार संगणकाचे पोटी खोविली, आणि फर्मान टाइप केले. लिनक्साने जबाब दिला की ऐसे कोणी आमचे दरबारी आले नाही. मग रावांनी तार बदलली, आणि भोक बदलले, आणि संगणक निजवोन उठविला, आणि प्रिंटरास विनाकारण शिवी दिली. जबाब तोच.

मग शेजारी मोबाईल दुरुस्तीचे कलीमभाई, त्यांस खलिता गेला; म्हणजे मधल्या भिंतीवर मूठ आपटली. कलीमभाई येवोन बोलिले, "बैठकीचं बटण आधी दाब. दाबल्याबिगर काँप्युटरात ह्याचा दरवाजाच पैदा होत न्हाय." बटण दाबिले. दरवाजा पैदा जाहला नाही.

राव कडाडले, "तुझ्याकडनं घेतलेल्या तारंतच खोट हाय."

"तार नवी हाय, भाऊ. जुना हाय तो तुझा राग."

राव यंत्र रस्त्यावर भिरकावणार, इतक्यात आक्का डबा घेवोन दाखल जाहल्या. बॅटरीची खूण तळाशी टेकलेली पाहोन त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी बैठक उचलिली, उजेडात तिरकी धरिली.

"भीम्या, ह्या पितळी दातांना कुंकू कुणी लावलं?"

राव प्रिंटराआड सरकले. कां की खंडेनवमीस राव जातीने पूजेस बसले होते, आणि कात्री, स्टेपलर, की-बोर्ड, जितकी म्हणोन हत्यारे तितक्यांस हळदकुंकू वाहिले होते, आणि दुकानी चार्जिंगास ठेविलेले आक्कांचे बैठकीवर चिमूट जास्त सोडली होती.

"तुमची हाय म्हणून लई लावलं, आक्का."

"ते दिसतंयच."

मग कलीमभाईंनी ब्रश आणि स्पिरिट घेवोन मोर्चा लाविला, आणि दातांतोन लाल गाळ निघाला, आणि बैठकीवर ठेविताच यंत्र चार्ज घेवो लागले. बॅटरी कां उतरत होती तेही उमगले. बटण दाबिले, दरवाजा जन्मला. तोच लिनक्साने फर्माविले की बलभीमास आत यावयाची परवानगी नाही.

"दुकान माझं, काँप्युटर माझा, लाइटबिल माझं, आन् मलाच परवानगी न्हाय?"

"त्याच्या यादीत तुझं नाव न्हाय. मी घालतो. मग बाहेर पडून परत आत ये."

राव तणतणत पायरी उतरोन रस्त्यावर गेले आणि परत आले.

"काँप्युटरातून बाहेर, भाऊ," कलीमभाई बोलिले, आणि आक्कांनी पदर तोंडाशी नेला.

मग लॉगआउट, लॉगइन, फर्मान, बटण. आणि पडद्यावर एकामागोन एक मोर, कुयऱ्या, ठिपक्यांचे किल्ले उतरो लागले. आक्कांनी आधी शटर निम्मे ओढोन घेतले, मग पाहिले.

फत्ते जाहली तैसे राव हर्षभरे देवळीतील कुंकवाची डबी घेवोन संगणकाकडे धावले. आक्कांनी मनगट धरिले, डबीत अंगठा बुडविला, आणि तो रावांचे कपाळी टेकविला.

येणेप्रमाणे मोहीम सिद्धीस गेली. रांगोळ्या कागदी उतरल्या, कलीमभाईंस डब्यातील शेंगापोळी इनाम जाहली, आणि यंत्रास कुंकू कायमचे मना जाहले. उमादेवीस अद्याप खबर नाही. सबब ही हकीकत पाडव्यापावेतो मोठ्यानं वाचू न्हाय.